न ऐकू येणारा सूर

तीसेक वर्षांपूर्वी मिरजेत माझे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचे छोटे दुकान होते. लग्नसराई संपली की ऑर्केस्ट्रावाले आपली वाद्ये माझ्याकडे आणून टाकत. त्यात एकदा एक वयस्कर वादक जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घेऊन आले. त्यांची तक्रार मात्र नेहमीची नव्हती. खरखर नाही, बंद पडलेली पट्टी नाही, आवाज कमी-जास्त होणे नाही. ते म्हणाले, "सगळे सूर लागतात, पट्टी बरोबर आहे. पण आवाज मेलाय रे बाबा."

मी एकेक पट्टी दाबून पाहिली. सूर मोजले. सगळे जागच्या जागी होते. तरीही त्यांचे म्हणणे खरे होते. दूरध्वनी उचलल्यावर येणाऱ्या सुरासारखा तो आवाज सपाट येत होता. दोन दिवस मी सूर निर्माण करणारे आणि ते मोठे करणारे सगळे भाग तपासत राहिलो. दोष तिथे नव्हताच. तिसऱ्या दिवशी, ज्या भागातून कोणताही आवाज बाहेर पडत नाही अशा एका कोपऱ्यातल्या मंडलावर मीटर लावला. तिथला काटा थरथरायला हवा होता. तो निपचित पडला होता. एक कपॅसिटर सुकला होता, रुपया-दीड रुपयाचा. तो बदलताच काटा हलू लागला आणि स्पीकरमधला आवाज जागा झाला.

मी आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा अभ्यासक्रम केलेला माणूस. पुढचे सगळे वाचून, उघडून आणि पुष्कळ वेळा जाळून शिकलो. पण त्या दिवशी जो प्रश्न डोक्यात शिरला, तो आजतागायत गेलेला नाही. स्वतः कधीच ऐकू न येणारी एक गोष्ट ऐकू येणाऱ्या सुराला जिवंत कशी करते? आणि ती खरोखर जिवंत करते, की आपल्याला तसे भासवते? हा लेख या दोन प्रश्नांबद्दल आहे.

पंख्यासमोरचा 'आऽऽ'

त्या कोपऱ्यातल्या मंडलाचे नाव 'लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर'. सिंथेसायझर वाजवणारे त्याला नुसते 'एलएफओ' म्हणतात. मी त्याला मंद आंदोलक म्हणतो.

माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला २० ते २०,००० कंपने सूर म्हणून ऐकू येतात. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. मध्य सप्तकाच्या आसपासचे आपले सूर दोनशे ते पाचशे हर्ट्झच्या घरात असतात. मंद आंदोलक मात्र सेकंदाला दहा, पाच, एक किंवा दहा सेकंदांत एक अशा संथ गतीने वरखाली होतो. तो थेट स्पीकरला जोडला तर सूर ऐकू येणार नाही. फार तर स्पीकरचा पडदा पुढेमागे हलताना दिसेल. म्हणून त्याला स्पीकरला जोडतच नाहीत. दुसऱ्या कशाला तरी हलवण्याचे काम त्याला देतात. बागेत नळीने पाणी घालताना आपण हात सावकाश डावीकडे-उजवीकडे नेतो. पाणी नळीचे असते, हात पाण्यात काही भर घालत नाही, पण पाणी कुठे पडणार हे हात ठरवतो. मंद आंदोलक म्हणजे तो हात.

हा अनुभव आपण प्रत्येकाने लहानपणी घेतलेला आहे. टेबलफॅनसमोर तोंड नेऊन 'आऽऽ' केले की आवाज तुटक-तुटक, थरथरता येतो. गळ्यातून येणारा सूर सलग असतो. पात्यांमुळे तो आळीपाळीने अडतो आणि सुटतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर पाती सेकंदाला ६० वेळा आवाजासमोरून जातात. ही गती इतकी जलद असते की थरथर वेगळी मोजता येत नाही, आवाजाला नुसता एक खरखरीत पोत येतो. आता पंखा बंद करा आणि 'आऽऽ' चालूच ठेवा. पाती मंदावतात तशी ती खरखर सुटी होत जाते, तिची थरथर होते, मग एकेक झोका वेगळा ऐकू येतो आणि शेवटी आपला साधा आवाज उरतो. बंद होणाऱ्या पंख्यातल्या या काही सेकंदांत या लेखाचा मोठा भाग येऊन गेला. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

तीन जागा, तीन खुंट्या

मंद आंदोलक सुराच्या तीन गोष्टींना हलवू शकतो. त्याने सुराची उंची हलवली की सूर किंचित चढतो-उतरतो. पाश्चात्त्य संगीतात याला व्हिब्राटो म्हणतात. आवाजाचा मोठेपणा हलवला की सूर जागीच राहून लहान-मोठा होतो. तो ट्रेमोलो. आणि सुराचा पोत हलवला की आवाज उघडतो-मिटतो. तोंड 'उ'वरून 'आ'वर आणि परत 'उ'वर नेले तर जसे होईल तसे. सिंथेसायझरमध्ये हे काम फिल्टर करतो. त्याला आपण गाळणी म्हणू. सुरातले वरचे, टोकदार स्वरांश गाळणी किती अडवणार आणि किती सोडणार, हे मंद आंदोलक ठरवतो.

आंदोलकाला स्वतःच्या तीन खुंट्या असतात. पहिली गतीची, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. दुसरी खोलीची, म्हणजे हेलकावा किती मोठा. तिसरी आकाराची. झोपाळ्यासारखा गोलाईने वरखाली होणारा आकार सुराला मऊ हलवतो. एकदम वर, एकदम खाली असा चौकोनी आकार सुराच्या उंचीला जोडला तर दोन ठरावीक सूर आळीपाळीने वाजतात, रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखे. करवतीच्या दात्यासारखा आकार सावकाश चढतो आणि एकदम कोसळतो. शिवाय काही यंत्रांत दर ठोक्याला एक अनपेक्षित पातळी उचलणारी सोय असते. जुन्या विज्ञानपटांत संगणक 'विचार करताना' जे टुकटुक आवाज करतो, ते बहुधा तिचेच काम.

आकडे घेऊन पाहू. संगीताचे मोजमाप करणारे एका सप्तकाचे १२०० सेंट करतात, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचे अंतर. सूर वीस सेंट वर आणि वीस सेंट खाली असा सेकंदाला सहा वेळा हलवला तर तो गाणाऱ्या गळ्यासारखा वाटू लागतो. तीच गती ठेवून खोली दोनशे सेंट केली की तोच सूर विनोदी वाटतो. खोली वीसच ठेवून गती एकावर आणली की वाटते, टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला आहे. जिवंत वाटण्याची जागा फार अरुंद आहे.

विजेच्या आधी

ही कल्पना विजेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. युरोपातल्या चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनांत सोळाव्या शतकापासून 'ट्रेम्युलंट' नावाची सोय आढळते. नळ्यांकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत एक फडफडणारी झडप असते. ती हवेचा दाब नियमितपणे कमी-जास्त करते आणि सूर थरथरतात. आपल्या पेटीतही काही ठिकाणी ट्रेमोलोचा खटका असतो. तो ओढला की आतली झडप भात्याच्या हवेवर हलते. बहुतेक वादक एकदा ओढून पाहतात आणि मग त्याला विसरून जातात.

झडपेशिवायही हे घडते. दोन सूर अगदी जवळचे असले, एक ४४० हर्ट्झचा आणि दुसरा ४४१ चा, तर ते एकत्र वाजताना सेकंदाला एक अशा गतीने आवाज फुगतो आणि ओसरतो. तो डोल या दोन्ही सुरांपैकी एकातही नसतो, तो त्यांच्यातल्या फरकातून जन्मतो. तंबोरा लावणारा कारागीर हाच डोल ऐकत खुंटी पिळतो. डोल संथ होत होत थांबला की तारा जुळल्या. मिरजेत तंतुवाद्यांची दुकाने आहेत त्या गल्लीत मी लहानपणापासून हे ऐकत आलो. जवारी काढलेल्या तंबोऱ्याची एक तार छेडली तरी तिचा पोत क्षणोक्षणी बदलत विरतो. स्थिर सूर म्हणून आपण ज्याच्यासमोर बसतो, तो तंबोरासुद्धा आतून सतत हलत असतो.

विजेच्या काळात आधी यंत्रेच फिरवली गेली. हॅमंड ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आला. त्याचा आवाज सपाट वाटला म्हणून डॉन लेस्ली या अमेरिकन तंत्रज्ञाने १९४० च्या सुमारास त्याच्यासाठी फिरणाऱ्या कर्ण्याचा स्पीकर बनवला. कर्णा आपल्याकडे येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो, धावत्या रेल्वेच्या शिट्टीसारखा. तो जलद गतीला मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवावा. आयोवा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी नामवंत पाश्चात्त्य गायकांच्या ध्वनिमुद्रणांतला कंप मोजला, तेव्हा तो सेकंदाला सहा-सात असाच निघाला. लेस्लीचा कर्णा गळ्याच्या गतीने फिरत होता.

याच वळणावर एक यंत्र आपल्याकडे आले. फ्रान्समध्ये १९४७ मध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी क्लॅव्हिओलिन नावाचे छोटे विद्युत वाद्य तयार केले. त्याचा आवाज रुंद आणि नाकातून आल्यासारखा होता आणि त्यात कंपासाठी वेगळे खटके होते. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतात कल्याणजींनी ते वाजवले, आणि सगळ्या देशाने ते पुंगी म्हणून ऐकले. आजही कुठल्याही वरातीत ती धून सुरू झाली की कुणीतरी तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळतो. त्या नागाला डोलवणारा आवाज भोपळ्यातून नव्हे, विद्युतनळीतून आलेला आहे, हे मी अनेकांना सांगून पाहिले. कुणाचा विश्वास बसत नाही.

व्होल्टेजची भाषा

तोपर्यंत कंप ही वाद्याला जोडलेली एक सोय होती. झडप हवेलाच हलवणार, कर्णा फिरणारच. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साथीने जे केले, त्याने ही बांधणी सुटली. मूग यांच्या यंत्रात सूर निर्माण करणारा, गाळणारा आणि लहान-मोठा करणारा असे वेगवेगळे भाग होते, आणि ते सगळे एकच भाषा समजत. ती भाषा विजेच्या दाबाची, व्होल्टेजची होती. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो, असा हिशेब. आपल्या पेन्सिल सेलचा दीड व्होल्ट त्या यंत्रात दीड सप्तकाची उडी आहे. वर सांगितलेला वीस सेंटचा हळुवार कंप म्हणजे एका व्होल्टचा साठावा भाग.

सगळ्यांची भाषा एक झाल्यावर कोण कुणाला हलवणार यावर बंधन राहिले नाही. वायर इथून काढून तिथे खुपसली की झाले. एक आंदोलक दुसऱ्या आंदोलकाची गती हलवू शकतो आणि तो दुसरा गाळणीला. एरवी सूर देणारा भाग मंद केला की तोच मंद आंदोलक होतो. १९७० च्या मिनिमूगमध्ये मंद आंदोलकासाठी निराळे मंडलच नाही. त्यात तीन आंदोलक आहेत. तिसऱ्याची खुंटी सर्वांत खालच्या टप्प्यावर नेली की तो ऐकू येईनासा होतो आणि उरलेल्या दोघांना हलवू लागतो. सूर आणि कंप या दोन जाती नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन गती आहेत, हे त्या खुंटीवर बोट ठेवून समजते.

हे यंत्र भारतात उशिरा आले असा समज आहे, तो बरोबर नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर असलेला स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभारायला मदत केली. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केले. त्या फिती पुढे संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्यावर २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. त्या ऐकताना मला माझे दुकान आठवते. कुणीतरी खुंटी फिरवत आहे आणि काय होते ते कान देऊन ऐकत आहे.

इंग्लंडमध्ये 'द हू' या गटाने १९७१ मध्ये एका साध्या ऑर्गनचा धरून ठेवलेला सूर व्हीसीएस-३ नावाच्या सिंथेसायझरच्या गाळणीतून नेला आणि ती गाळणी मंद आंदोलकाने हलवली. हात पट्टीवर स्थिर, आणि आवाज मात्र धावतो आहे. त्यांच्या त्याच अल्बममधल्या पहिल्या गाण्याच्या नावातला 'बाबा' हे आपल्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. गटाचे पीट टाउनशेंड त्यांचे अनुयायी होते.

कंप वाढवत नेला तर

आता बंद होणाऱ्या पंख्याकडे परत येऊ, पण उलट्या दिशेने. १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार संगणकावर साध्या सुराला कंप देऊन पाहत होते. त्यांनी कंपाची गती आणि खोली वाढवत नेली. पाच, दहा, वीस. एका टप्प्यानंतर थरथर ऐकू येणे थांबले आणि तिच्या जागी एक नवा, भरलेला पोत ऐकू येऊ लागला.

घडते ते असे. ४०० हर्ट्झचा सूर सेकंदाला १०० वेळा वरखाली हलवला तर कानाला हेलकावे ऐकू येत नाहीत. ३०० आणि ५००, २०० आणि ६०० असे नवे सूर मूळ सुराच्या दोन्ही बाजूंना उगवतात. किती आणि कितपत जोरात उगवणार, हे हेलकाव्याच्या खोलीवर ठरते. दोन साधे आंदोलक घेऊन घंटा, पितळी वाद्य किंवा लाकडी पट्टीचा आवाज काढता येतो. चाउनिंग यांचा यावरचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, यामाहा कंपनीने ते तंत्र घेतले आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ हा कीबोर्ड आला. ऐंशीच्या दशकातले संगीत ज्यांनी ऐकले, त्यांनी त्याचा चकचकीत पियानो ऐकलेला आहे, नाव माहीत नसले तरी. गंमत अशी की सगळा पोत वेगवान केलेल्या कंपातून घडवणाऱ्या या यंत्रातही साधा मंद आंदोलक वेगळा ठेवावाच लागला. पोत कितीही श्रीमंत झाला तरी धरून ठेवलेला सूर काही वेळाने सपाट वाटतो.

दरबारीचा गंधार

इथपर्यंत माझा विश्वास पक्का होता. सुराचा जीव त्या आंदोलकात आहे, हे मी स्वतःच्या हाताने कपॅसिटर बदलून पाहिले होते. मग मी एक हट्ट धरला. दरबारी कानड्याचा कोमल गंधार सिंथेसायझरवर आणायचा.

आपल्या संगीतात सरसकट कंप चालत नाही. सूर स्थिर लागला पाहिजे, ही पहिली शिकवण. पण काही रागांत ठरावीक स्वरांना आंदोलन असते. भैरवात कोमल रिषभाला, दरबारीत गंधार आणि धैवताला. हा कंप सहा-सातच्या गतीचा नसतो, पुष्कळ संथ असतो. पेटीवर तो येत नाही म्हणून पेटीला नावे ठेवली गेली. सिंथेसायझरवर येईल, असे मला वाटत होते. मुंबईत चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली होती. त्या दहांत दरबारी नाही. ती जागा मोकळी आहे, असे मी मनाशी धरले.

पहिल्या प्रयत्नात सगळेच स्वर हलू लागले, कारण आंदोलकाला गंधार आणि षड्ज यांतला फरक कळत नाही. मी तो फक्त एका पट्टीला जोडला. मग लक्षात आले की पट्टी दाबताच हेलकावा सुरू होतो, गळ्यात तो सुरू होण्याआधी स्वर क्षणभर टेकतो. मी उशीर घातला आणि खोली सावकाश वाढेल असे केले. मग उमगले की माझा हेलकावा वर आणि खाली सारखाच जातो. दरबारीचा गंधार रिषभाकडे झुकतो आणि परत येतो, वर सारखाच उसळत नाही. मी आकार बदलून तो एकाच बाजूला झुकवला. तरी तो घड्याळासारखा वाटे, म्हणून पहिल्या आंदोलकाची गती हलवायला दुसरा आंदोलक लावला आणि त्यात थोडा अनपेक्षितपणा मिसळला. या सगळ्यात दोन-अडीच वर्षे गेली. दुकान बसत चालले होते, घरी बोलणी बसत होती. पण गंधार हलू लागला होता.

आमच्या गल्लीत गाणे शिकवणाऱ्या एक बाई राहत. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होतो. सगळा सरंजाम त्यांच्या ओसरीवर मांडला आणि गंधाराची पट्टी दाबून ठेवली. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकले. मला वाटले, जिंकलो. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "छान हलतोय रे. पण तो निघालाय कुठं?"

मला काही उत्तर सुचले नाही. मग त्यांनीच गाऊन दाखवले. तोच गंधार तीनदा. एकदा त्यावरून रिषभावर उतरल्या, एकदा मध्यमाला स्पर्श करून, एकदा नुसत्या थांबल्या. तिन्ही वेळा हेलकावा निराळा होता, आणि पुढचा स्वर येण्याआधीच तो कुठला असणार हे हेलकाव्यातच कळत होते.

मी अडीच वर्षे गती, खोली, आकार, उशीर आणि अनपेक्षितपणा यांच्या मागे होतो. त्यांतले एकही चुकीचे नव्हते. पण मंद आंदोलक, कितीही जोडले तरी, फिरून मूळ जागी येणारी गोष्ट आहे. त्याला मागचे आठवत नाही आणि पुढचे ठाऊक नसते. मी त्यात घातलेला अनपेक्षितपणा हा नुसता गोंधळ होता. बाईंच्या गळ्यात जे बदलत होते, त्याला कारण होते.

डावा हात

यावरून यंत्र खोटे आणि गळा खरा असा निकाल देण्याचा मोह होतो. मी तो देणार नाही. मिनिमूग बनवणाऱ्यांनी पट्ट्यांच्या डाव्या बाजूला दोन चाके ठेवली होती. त्यांतले एक कंपाची खोली वाढवते-कमी करते. उजवा हात सूर निवडतो आणि डावा हात ठरवतो की कंप आता हवा, एवढा हवा, आता पुरे. तेच चाक आज जवळजवळ प्रत्येक सिंथेसायझरवर असते. मी त्याच्याकडे लक्ष दिले नव्हते, कारण मला माणसाचा हात न लागता हलणारा सूर हवा होता. ज्यांनी ते यंत्र केले, त्यांना तसा सूर नकोच होता.

त्यानंतर मी माझी बरीच जोडणी सोडवून टाकली. एक साधा आंदोलक ठेवला, त्याची खोली चाकाला दिली आणि गती पायाखालच्या पेडलला. आता तो आपोआप दरबारी गात नाही. चुकतो, कधी उशिरा हलतो, कधी जास्त. पण रिषभावर उतरायचे असेल तेव्हा माझा डावा हात आधीच मंदावतो. हे मी त्याला शिकवलेले नाही.

वाचकांपैकी कुणाला हे करून पाहायचे असेल तर महागडे वाद्य लागत नाही. फुकट मिळणाऱ्या कुठल्याही साध्या सिंथेसायझर अॅपमध्ये मंद आंदोलक असतो. एकच सूर धरून ठेवावा. आधी खोली शून्य ठेवून मिनिटभर तो सपाट सूर ऐकावा, कंटाळा येईपर्यंत. मग गती सहाच्या आसपास ठेवून खोली हळूहळू वाढवावी आणि सूर कुठल्या क्षणी जागा झाला ते टिपावे. मग खोली तशीच ठेवून दुसरे मिनिट ऐकावे. त्या जिवंत वाटलेल्या सुराचाही कंटाळा येईल, फक्त थोडा उशिरा. तिसऱ्यांदा खोलीच्या खुंटीवरून बोट उचलू नये. एखादी ओळखीची चाल मनात म्हणत, जिथे वाटेल तिथेच ती फिरवावी. फरक कानाला लगेच कळेल.

त्या ऑर्गनवाल्या वादकांचे म्हणणे मी अजूनही खरे मानतो. कपॅसिटर सुकला होता आणि आवाज मेला होता. फक्त तो बदलल्यावर आवाज जागा झाला, याचा अर्धा हिशेब मी चुकवला होता. पट्टीवर तेव्हा त्यांचे बोट होते आणि ते चाल वाजवत होते. मी मीटरच्या काट्याकडे बघत होतो.